पालक, पॉपाय आणि परळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या ताईला पाचवा महिना चालू होता आणि हिमोग्लोबिन ९.४ आलं. सरकारी दवाखान्यातून तिला लाल गोळ्या मिळाल्या होत्या. पण गोळी घेतली की मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही. मग ती दिवसाआड घ्यायला लागली, नंतर आठवड्यातून एकदा, आणि शेवटी ती सुटलीच. त्याची भरपाई म्हणून आईने पालकाचा सपाटा लावला. पातळ भाजी, पराठे, डाळ-पालक. 'पालकात लोह असतं' हे आईला तिच्या आईने सांगितलं होतं आणि आम्हाला शाळेच्या पुस्तकाने.

मी फॅमिली ग्रुपवर अक्कल पाजळली. कॉलेजपासून मला एक गोष्ट फार आवडायची. १८७० च्या सुमारास एका जर्मन शास्त्रज्ञाने पालकातलं लोह मोजलं, आकडा लिहिताना त्याचं दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि पालकातलं लोह कागदावर दहापट झालं. पुढे साठ-सत्तर वर्षं कोणी तपासलंच नाही. त्याच आकड्यावर पॉपाय पालक खाऊन दंड फुगवू लागला आणि जगभरातल्या आया मुलांच्या मागे पालक घेऊन धावू लागल्या. सॉफ्टवेअरवाल्याला यापेक्षा गोड गोष्ट कुठली? एका टिंबाचा बग, आणि तो सत्तर वर्षं प्रॉडक्शनमध्ये! ऑफिसात नव्या मुलांना कोड रिव्ह्यूचं महत्त्व पटवायला मी ती दोनदा सांगितली होती. तीच ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "पालक ओव्हररेटेड आहे."

ताईने पालकही सोडला. महिन्याभराने रक्त तपासलं तर ८.६.

डॉक्टर बाई ताईवर नाही, माझ्यावर वैतागल्या. म्हणाल्या, "पालकाने हिमोग्लोबिन चढत नाही, हे बरोबर आहे. पण म्हणून पालक फुकट, हे कुणी सांगितलं? या गोळीत दोन गोष्टी आहेत. एक लोह, दुसरं फोलिक अ‍ॅसिड. त्या दुसऱ्याचं नाव पानावरून पडलंय, पालकाच्या पानावरून. आणि त्याची सुरुवात इथे आपल्या परळात झाली. वाच जरा."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजीने मान वर केली. "परळात? माझी आई परळच्याच गिरणीत होती. वाइंडिंग खात्यात."

मग मी वाचायला बसलो. पहिला धक्का माझ्याच लाडक्या गोष्टीने दिला.

टिंब कुठेच सरकलं नव्हतं

दशांशचिन्हाची गोष्ट जगभर पसरली ती मुख्यतः १९८१ मध्ये. त्या वर्षी टी. जे. हॅम्ब्लिन या रक्तविकारतज्ज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विज्ञानातल्या खोटेपणावर एक खुसखुशीत लेख लिहिला. त्यात पालकाचा किस्सा होता, पण तो कुठून घेतला हे दिलेलं नव्हतं. लेख नावाजलेल्या नियतकालिकात छापलेला, गोष्ट मजेशीर. लोकांनी उचलली. पाठ्यपुस्तकांत गेली, भाषणांत गेली, इंटरनेट आल्यावर तर विचारायलाच नको.

२०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने तिचा माग काढला. त्याला जुन्या जर्मन कागदपत्रांत सरकलेलं टिंब कुठेच सापडलं नाही. जुने आकडे फुगलेले होते, हे खरं. पण त्याची कारणं साधी होती. काही मापनं सदोष होती, आणि काही आकडे वाळवलेल्या पालकाचे होते. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. शंभर ग्रॅम जुडी वाळवली तर हातात नऊ-दहा ग्रॅमच उरते. म्हणजे वाळलेल्या पालकाचा आकडा ताज्या पालकाचा समजून वाचला, की तो आपोआप दहापट दिसतो. टिंब बरोबर जागी होतं, युनिट वाचणाऱ्याने चुकवलं होतं. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे निघालेलं यान युनिटच्या घोळापायीच गेलं होतं. तो किस्सा मला पाठ होता, तरी पालकाच्या बाबतीत हे मला सुचलं नाही.

पॉपायवरचा आरोपही टिकला नाही. ई. सी. सेगर या व्यंगचित्रकाराच्या चित्रमालिकेत पॉपाय १७ जानेवारी १९२९ ला पहिल्यांदा अवतरला. १९३२ च्या एका चित्रपट्टीत तो पालक खाण्याचं कारण स्वतःच सांगतो, आणि ते कारण लोह नाही, अ जीवनसत्त्व आहे. लोहाचा संबंध लोकांनी नंतर चिकटवला.

२०१४ मध्ये ओले ब्योर्न रेकडाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने या सगळ्यावर निबंध लिहिला. त्याचा रोख असा, की 'स्रोत तपासा' हे शिकवण्यासाठी शिक्षित लोक जी गोष्ट सांगत होते, तिचा स्रोत त्यांनी स्वतःच तपासला नव्हता. वाचताना कान गरम झाले. कोड रिव्ह्यूवरचं माझं प्रवचन रिव्ह्यू न केलेल्या गोष्टीवर उभं होतं. ऑफिसात ते फक्त हसण्यावारी गेलं असतं, पण घरी त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली.

१९२८, परळ

पॉपाय अमेरिकेत जन्माला येत होता, साधारण त्याच महिन्यांत मुंबईत एक इंग्रज डॉक्टर बाई बोटीतून उतरून कामाला लागली होती. तिचं नाव लूसी विल्स. जन्म १८८८ चा, शिक्षण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात आणि नंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिचा कल रोग्यांपेक्षा प्रयोगशाळेकडे होता. २०१९ च्या १० मे रोजी गूगल उघडलं असेल, तर तिचं डूडल तुम्ही पाहिलंही असेल. मीही पाहिलं असणार. क्लिक केलं नाही एवढं नक्की.

तिला बोलावलं होतं बाळंतपणातल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी. मुंबईतल्या गरोदर बायकांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना, एक विचित्र रक्तक्षय होत होता. बाई पांढरी फटक पडायची, पायांवर सूज, धाप. कित्येक जणी बाळंतपणाच्या आगेमागे जायच्या.

विल्सचं काम चालायचं हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. ही संस्था परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आहे. १८९९ मध्ये तिथे प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. बाहेर पडलं की चारी बाजूंना गिरणगाव: चिमण्या, भोंगे आणि चाळी. १९२८ हे साल तर गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपाचं. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देणारं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. गिरणीतली बाई गरोदर असताना तिचं काय होतं, हा प्रश्न त्या वर्षी सभागृहात होता, आणि प्रयोगशाळेतही.

ताटात काय आहे?

रक्तक्षय म्हटलं की आपल्या डोक्यात लोह येतं. लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. पण या बायकांच्या रक्तात पेशी उलट मोठ्या होत्या, नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या, पण अर्धवट वाढलेल्या आणि संख्येने फार कमी. असं रक्त तेव्हा 'पर्निशस अ‍ॅनिमिया' नावाच्या दुसऱ्या एका जीवघेण्या आजारात दिसायचं. त्यावर १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी उपाय दाखवला होता: रोज भरपूर कलेजी खायला घालणं. त्यासाठी पुढे त्यांना व्हिपलसोबत नोबेलही मिळालं.

मग हा तोच आजार होता का? विल्सने सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून आधी एक साधा प्रश्न विचारला. आजारी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या बायकांच्या ताटात फरक काय? एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे हे तिचे मुंबईतले सहकारी. तळपदे यांच्यासोबत तिने मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणीच केली, आणि ती 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापली. कोण काय खातं, भाजी किती, फळं किती, दूध-मांस किती, घरात उजेड किती. उत्तर स्पष्ट होतं. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि प्रथिनं सगळ्यात कमी, त्यांना हा आजार सगळ्यात जास्त. सर्वांत वाईट हाल गरीब मुस्लिम बायकांचे होते.

मग तसाच निकृष्ट आहार तिने उंदरांना दिला आणि पुढे माकडांना. यीस्ट दिलं की ते सुधारत. यीस्टचा स्वस्तात मिळणारा प्रकार म्हणजे मार्माइट. हे इंग्लंडमधल्या बिअरच्या भट्ट्यांत उरलेल्या यीस्टपासून केलेलं काळं, खारट, चिकट चाटण. इंग्रज लोक ते पावाला लावून खातात. विल्सने ते मुंबईच्या आजारी बायकांना दिलं, आणि काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचा निबंध आला. हो, हॅम्ब्लिनचा किस्सा छापणारं तेच नियतकालिक, पन्नास वर्षं आधी.

खरी कमाल पुढच्या निरीक्षणात होती. पर्निशस अ‍ॅनिमियावर चालणारा कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना चालत नव्हता. साधी, न गाळलेली कलेजी चालत होती, मार्माइट चालत होतं. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गळून जात होतं, आणि या बायकांना नेमकं तेच हवं होतं. आज आपल्याला कळतं, की शुद्ध अर्कात उरत होतं ते बी-१२, जे १९४८ मध्ये हाती लागलं. गळून जाणारी वस्तू वेगळी होती. ती काय आहे हे विल्सला माहीत नव्हतं, पण ती आहे एवढं तिने दाखवून दिलं. बरीच वर्षं त्या अनोळखी वस्तूला 'विल्स फॅक्टर' म्हणत.

चार टन पालक

त्या वस्तूला आजचं नाव मिळालं ते पालकामुळे. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स हे तिघे जिवाणूंच्या वाढीला लागणारा एक पदार्थ शोधत होते. त्यासाठी त्यांनी चार टन पालक घेतला. चार टन! आपल्या मार्केट यार्डात तेवढा टेम्पोंतून उतरतो. तो गाळत, आटवत, वेगळा करत शेवटी अगदी थोडा सक्रिय पदार्थ उरला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याला नाव दिलं फोलिक अ‍ॅसिड, म्हणजे सरळ मराठीत पर्णाम्ल. परळच्या बायकांना मार्माइटमधून जे मिळत होतं, तेच हे.

आता ते कारखान्यात बनवायचं होतं. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत तो गट चालवत होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४५ मध्ये फोलिक अ‍ॅसिडची कृत्रिम निर्मिती जाहीर झाली. चार टन पालकाची गरज संपली आणि गोळी शक्य झाली. त्याच गटाने फोलिक अ‍ॅसिडची नक्कल करून त्याचं काम अडवणारी औषधंही तयार केली. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यातलं एक वापरून ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटवून दाखवला. आजचं मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं.

हे सगळं एकाच पदार्थात कसं? कारण फोलेट लागतं ते डीएनए बनवायला. पेशीला दोन व्हायचं असेल, तर आधी डीएनएची प्रत काढावी लागते. फोलेट नसेल, तर पेशी फुगत राहते पण दुभंगत नाही. म्हणून परळच्या त्या बायकांच्या रक्तपेशी मोठ्या आणि थोड्या होत्या. पोटात बाळ म्हणजे तर पेशी अहोरात्र दुभंगण्याचाच काळ. आईचा फोलेटचा साठा तिथे संपतो.

बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ती नीट मिटली नाही, तर बाळाला आयुष्यभराचं अपंगत्व येतं किंवा बाळ जगतच नाही. आधी असं बाळ झालेल्या बायकांवर सात देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी झाली. १९९१ मध्ये तिचा निकाल आला: गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिड दिलं, तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. म्हणूनच डॉक्टर आता सांगतात, मूल हवं असं ठरवलंत की त्याच दिवसापासून ही गोळी सुरू करा, टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची वाट पाहू नका. हे वाचणाऱ्यांत नवी लग्नं झालेले बरेच असतील, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मग पालक खायचा की नाही?

खायचा. फक्त कशासाठी, ते नीट कळलं पाहिजे. शंभर ग्रॅम ताज्या पालकात लोह तीन मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलंही अंगी लागतं फार थोडं. लिंबू पिळलं तर जरा जास्त, वर लगेच चहा प्यायलात तर आणखी कमी. हिमोग्लोबिन ८.६ असताना पालकाच्या भरवशावर बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे गोळीच हवी. फोलेट मात्र त्याच शंभर ग्रॅममध्ये दीडशे ते दोनशे मायक्रोग्रॅम असतं, आणि भाजीच्या मानाने ते भरघोस आहे. पण फोलेट पाण्यात उतरतं. पालक उकळून पाणी ओतून दिलं, तर जवळजवळ निम्मं मोरीत जातं. आपली ताकातली पातळ भाजी किंवा डाळ-पालक या बाबतीत शहाणी आहे, पाणी पोटातच जातं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावा.

आणखी एक गंमत. आपल्या बाजारात 'पालक' म्हणून येणाऱ्या जुड्यांपैकी बऱ्याच पॉपायच्या पालकाच्या नसतातच. ती बिटाच्या जातीतली वेगळी वनस्पती. पॉपायच्या पालकाला आपल्याकडे शेतीवाले 'विलायती पालक' म्हणतात. दोघं एकाच कुळातले चुलत भाऊ आहेत, दोघांच्याही पानांत फोलेट आहे, त्यामुळे जेवणाऱ्याचं काही बिघडत नाही.

वाइंडिंग खात्यातली बाई

भारतात गरोदर बायकांना लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली १९७० मध्ये. विल्सचा मुंबईतला निबंध १९३१ चा. मध्ये ३९ वर्षं गेली. आणि आजही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय होता.

हे सगळं मी एका रविवारी आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग तिच्या आईबद्दल पहिल्यांदा नीट बोलली. आजी सहा वर्षांची असताना, १९५१ मध्ये, तिची आई पाचव्या बाळंतपणात गेली. घरात एवढंच सांगितलं जायचं, की 'पांढरी पडली आणि गेली'. पाळी संपवून यायची, स्वयंपाक करायची, सगळ्यांना वाढायची आणि उरलेलं खायची. भाजी तिच्यापर्यंत पोहोचायची का, हे आजीला आठवत नाही. भाकरी आणि कोरा चहा आठवतो.

तिला नक्की काय झालं होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. लोह कमी असेल, मलेरिया असेल, बाळंतपणात रक्त गेलं असेल. मी आता पुन्हा एक गोड गोष्ट जुळवणार नाही. एवढं मात्र तारखा लावून सांगता येतं: ती गेली तेव्हा मार्माइटचा निबंध वीस वर्षांचा जुना होता, फोलिक अ‍ॅसिड सहा वर्षांपासून कारखान्यात बनत होतं, आणि ज्या संस्थेत या सगळ्याची सुरुवात झाली ती तिच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. ज्या बायकांच्या रक्तातून हा शोध लागला, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांच्या लेकीसुनांपर्यंत गोळी पोहोचायला दोन पिढ्या गेल्या.

ताईने मग गोळ्या नियमित घेतल्या. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून डॉक्टर बाईंनी रात्री झोपताना घ्यायला सांगितलं, आणि ते जमलं. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८ होतं. भाची आता चार महिन्यांची आहे.

फॅमिली ग्रुपवर मी दुरुस्तीही टाकली, दशांशचिन्हाची गोष्ट खोटी होती म्हणून. मूळ मेसेजला सतरा जणांनी हसणारे इमोजी दिले होते, दुरुस्तीला दोघांनी अंगठा दिला. त्यातला एक आजीचा. तिने तो मला फोन हातात देऊन, "कुठे दाबायचं रे?" असं विचारून दिला.